उणे ५/३ दिसलं की काम झालं? मॅग्नेटोशीथवरचे दोन पेपर वाचताना

टर्ब्युलन्सवरचा कुठलाही पेपर उघडा. नजर पहिल्यांदा कुठे जाते? ॲब्स्ट्रॅक्टवर नाही, समीकरणांवर तर नाहीच. ती जाते लॉग-लॉग आलेखावर. तिथे एका वेड्यावाकड्या रेघेशेजारी सरळ तुटक रेघ काढलेली असते आणि तिच्याजवळ लिहिलेलं असतं, उणे ५/३. ती दिसली की आपण मनात म्हणतो, चला, कोल्मोगोरोव्ह आहे, म्हणजे टर्ब्युलन्स आहे, पुढचं पान.

पीएचडीची पहिली दोन वर्षं मी असंच वाचत होते. नुसतं वाचत नव्हते, त्याच भरवशावर स्वतःचे आलेखही काढत होते. त्यातून एकदा चांगलीच फजिती झाली, ती पुढे सांगते. आज मुख्यतः दोन पेपरांबद्दल लिहायचं आहे. दोन्ही चांगले आहेत, आणि संशोधनात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावेत असं मला वाटतं. पण दुसऱ्या पेपरमधल्या एका वाक्याशी माझं भांडण आहे. ते भांडण नीट मांडायचं तर आधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

सूर्याकडून येणारा प्लाझ्मा, म्हणजे सौरवारा, ध्वनीच्या आणि आल्फव्हेन लहरींच्या वेगापेक्षा जास्त वेगाने येतो. वाटेत पृथ्वीसारखा चुंबकीय ग्रह आला की त्याला एकदम ब्रेक लागतो. ब्रेक लागतो ती जागा म्हणजे बो शॉक. वेगात चाललेल्या होडीच्या पुढच्या टोकाशी पाणी जसं फुगून बाजूला वळतं, साधारण तसं. त्याच्या आत ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राची हद्द असते, मॅग्नेटोपॉज. या दोघांच्या मधला पट्टा म्हणजे मॅग्नेटोशीथ. तिथला प्लाझ्मा नुकताच आपटलेला, तापलेला, दाबलेला आणि ग्रहाला वळसा घालून मागे निघालेला असतो. पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला हा पट्टा साधारण तीन पृथ्वी-त्रिज्या, म्हणजे १९,००० किलोमीटरच्या आसपास जाड असतो. बाजूला जावं तसा तो रुंद होत जातो. अंतराळात टर्ब्युलन्स अभ्यासायला याहून गजबजलेली जागा जवळपास मिळणार नाही.

आता ५/३. कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये साध्या द्रवासाठी मांडलेला युक्तिवाद तुम्ही एमएस्सीला ऐकला असेल. मोठ्या आकाराचे भोवरे फुटून लहान होतात, लहान आणखी लहान होतात, आणि अगदी शेवटी ऊर्जा उष्णतेत जाते. मधल्या टप्प्यावर ऊर्जा कुठून आत आली ते विसरलेलं असतं आणि कुठे संपणार ते अजून कळलेलं नसतं. तिथे एकच गोष्ट कायम राहते, ती म्हणजे वरून खाली ऊर्जा वाहण्याचा दर. नुसत्या डायमेन्शनल ॲनालिसिसने त्या टप्प्यातल्या स्पेक्ट्रमचा स्लोप उणे ५/३ निघतो. या मधल्या टप्प्याला इनर्शियल रेंज म्हणतात. लक्षात घ्या, या युक्तिवादात चुंबकीय क्षेत्र नाही आणि घनतेतले चढउतारही नाहीत. चुंबकीय क्षेत्र आणलं की इरोश्निकोव्ह आणि क्राइशनन यांनी १९६० च्या दशकात काढलेला उणे ३/२ समोर येतो. १.६७ आणि १.५ मध्ये फरक ०.१७ चा. मोजलेल्या स्पेक्ट्रममध्ये तो फरक ओळखणं किती कठीण असतं, ते एकदा स्वतः करून बघाच.

सौरवाऱ्यात मात्र चुंबकीय क्षेत्राच्या चढउतारांत उणे ५/३ खरोखर दिसतो, आणि बऱ्याच मोठ्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात दिसतो. तिथले चढउतार प्रामुख्याने आल्फव्हेन प्रकारचे असतात. क्षेत्ररेषा तारेसारख्या आडव्या हलतात, क्षेत्राची ताकद आणि घनता फारशी बदलत नाही. १९६८ मध्ये कोलमनने मरिनर २ च्या डेटावरून सौरवाऱ्यातल्या टर्ब्युलन्सची चर्चा केली. तेव्हापासून ‘अंतराळातला प्लाझ्मा म्हणजे उणे ५/३’ हे समीकरण इतकं पक्कं बसलं, की ते सौरवाऱ्यासाठी आहे हे शेपूट हळूहळू गळून पडलं.

पहिला पेपर शनीचा. लीना हदीद आणि सहकारी, २०१५. कॅसिनी यान शनीच्या मॅग्नेटोशीथमधून जात असतानाचे ४२ कालखंड त्यांनी घेतले आणि साधारण १०,००० सेकंदांत एक आंदोलन ते सेकंदाला एक आंदोलन, एवढ्या पट्ट्यात चुंबकीय स्पेक्ट्रम काढले. निष्कर्ष तीन. पहिला असा की मोठ्या आकारमानांवर स्लोप उणे १ च्या जवळ आहे, आयनांच्या आकारमानाखाली तो थेट उणे २.६ होतो, आणि मधला ५/३ चा टप्पा तयारच होत नाही. दुसरा म्हणजे मोठ्या आकारमानावरचे चढउतार आल्फव्हेन प्रकारचे नाहीत. घनता आणि क्षेत्राची ताकद दोन्ही बदलतात, आणि एक वाढली की दुसरी घटते. याला त्यांनी ‘स्लो-लाइक’ असं नाव दिलं. तिसऱ्या निष्कर्षाकडे, उच्च घातांच्या स्टॅटिस्टिक्सकडे, नंतर येते.

‘स्लो-लाइक’ मधला तो ‘लाइक’ सोडू नका. घनता आणि क्षेत्राची ताकद उलट दिशेने हलणं हे स्लो मोड नावाच्या लहरीचं लक्षण आहे. पण ते मिरर मोडचंही लक्षण आहे, आणि मिरर मोड ही मुळात पुढे जाणारी लहर नव्हेच. शॉकमधून आल्यावर आयनांचं तापमान क्षेत्राला आडव्या दिशेत जास्त आणि क्षेत्राच्या दिशेत कमी असलं, की प्लाझ्मामध्ये चुंबकीय बाटल्यांसारखे खळगे पडतात. प्लाझ्माच्या चौकटीत ते जागेवरच उभे असतात आणि प्रवाहाबरोबर यानापुढून वाहत जातात. एकाच यानावरून आणि नुसत्या या उलट संबंधावरून या दोघांत निवाडा करता येत नाही. शब्द सैल ठेवून लेखकांनी जे मोजलं तेवढंच म्हटलं आहे. पेपर वाचताना असे शब्द पेन्सिलने अधोरेखित करायची सवय लावून घ्या. बऱ्याचदा खरी माहिती तिथेच असते.

शनीच्या बाबतीत एक रास्त शंका उरते. शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट लांब. तिथे मॅग्नेटोशीथमध्येही एका घनसेंटीमीटरला सरासरी एक कणसुद्धा भरत नाही. मग हा उणे १ शनीचं वैशिष्ट्य आहे की मॅग्नेटोशीथचं?

याचं उत्तर २०१७ च्या दुसऱ्या पेपरमध्ये आहे. लेखक शियोंग ह्वांग, हदीद, सहरौई आणि सहकारी. इथे पृथ्वीचं मॅग्नेटोशीथ आहे आणि चार यानांच्या क्लस्टर मोहिमेचा तीन वर्षांचा डेटा आहे. उत्तर असं आलं की पृथ्वीपाशीही मोठ्या आकारमानांवर स्लोप बहुतेक वेळा उणे १ च्या जवळच असतो, अगदी आयनांच्या आकारमानापर्यंत. उणे ५/३ दिसतो तो फक्त १७ टक्के कालखंडांत, आणि तोही बो शॉकपासून दूर, बाजूच्या भागांत किंवा मॅग्नेटोपॉजकडे.

इथे थांबायचं नाही. त्या १७ टक्क्यांत नेमकं काय हलतंय, हेही त्यांनी तपासलं. त्यासाठी मॅग्नेटिक कॉम्प्रेसिबिलिटी वापरली. हे गणित अगदी सोपं आहे. सरासरी क्षेत्राच्या दिशेने झालेल्या चढउतारांची ऊर्जा घ्या आणि तिला तिन्ही दिशांच्या एकूण ऊर्जेने भागा. तिन्ही दिशांत सारखी वाटणी असेल तर उत्तर १/३. त्याच्या बरंच खाली असेल तर आडवं हलणं जास्त, म्हणजे आल्फव्हेन प्रकार. वर असेल तर दाबणं-फुगणं जास्त. ५/३ स्लोप असलेल्या कालखंडांपैकी फक्त ३५ टक्के आल्फव्हेन प्रकारचे निघाले. उरलेल्या ६५ टक्क्यांत दाबणारे-फुगणारे चढउतार वरचढ होते.

आता एक गुणाकार करा. १७ टक्क्यांचे ३५ टक्के म्हणजे जेमतेम ६ टक्के. शंभर कालखंड घेतले तर सौरवाऱ्याच्या पुस्तकी चित्राशी, म्हणजे स्लोपही तोच आणि चढउतारांचा प्रकारही तोच अशा चित्राशी, जुळणारे सुमारे सहा. हे दोन आकडे ॲब्स्ट्रॅक्टमध्ये शेजारी-शेजारी आहेत. पण मी पहिल्या तीन वाचनांत त्यांचा गुणाकार केला नव्हता. केला तेव्हा पेपर एकदम वेगळा दिसायला लागला. आधी मला वाटत होतं, पेपर म्हणतोय ‘कधीकधी ५/३ मिळत नाही’. पेपर खरं तर म्हणतोय की ५/३ मिळाला तरी आत तेच चाललंय असं समजू नका. ६५ टक्के वेळा तीच तुटक रेघ जुळली आणि खाली भौतिकी दुसरीच होती. उंची जुळली म्हणून दोन माणसं एकाच घरातली ठरत नाहीत, तसंच हे.

आता भांडण. उणे १ कुठून आला, या प्रश्नावर पेपर म्हणतो की हा स्लोप सौरवाऱ्यातल्या ‘ऊर्जा धरून ठेवणाऱ्या’ आकारमानांची आठवण करून देतो. सौरवाऱ्यात अगदी कमी फ्रीक्वेन्सीला उणे १ दिसतो. तिथे मोठ्या रचनांमध्ये ऊर्जेचा साठा असतो आणि तिथून ती खाली झिरपते, असं मानलं जातं. म्हणजे मॅग्नेटोशीथमध्येही हा साठाच दिसतोय आणि धबधबा अजून सुरू व्हायचाय, असा अर्थ सुचवला जातो.

पण हे तर तेच झालं! पेपरचा अर्धा भाग आपल्याला शिकवतो की स्लोपवरून ओळख पटवू नका. आणि उरलेल्या अर्ध्यात उणे १ हा स्लोप बघून ओळख पटवली जाते. ५/३ वरून कोल्मोगोरोव्ह म्हणणं चूक असेल, तर १ वरून ‘साठा’ म्हणणं बरोबर कसं? शिवाय सौरवाऱ्यातल्या उणे १ चा उगमही अजून वादात आहे, आणि लेखक स्वतः तसं म्हणतात. ज्याचा पत्ता माहीत नाही, त्याच्या शेजारी राहतो असं सांगून आपला पत्ता कळत नाही.

लेखकांवर अन्याय नको म्हणून त्यांची बाजूही सांगते. त्यांच्याकडे फक्त स्लोप नाही, जागाही आहे. शॉकजवळ ५/३ नाही, शॉकपासून दूर गेल्यावर तो दिसायला लागतो. हा पुरावा स्लोपच्या नावापेक्षा स्वतंत्र आहे आणि माझ्या मते पेपरचा खरा जीव त्यातच आहे. त्यामागची कल्पना वयाची. शॉकमधून जाताना प्लाझ्मातले जुने परस्परसंबंध मोडतात आणि नव्याने घुसळण सुरू होते. शॉकजवळचा प्लाझ्मा तान्हा. बाजूला पोचेपर्यंत त्याला वय आलेलं असतं.

ही कल्पना कागदावर तपासून बघू. शॉकच्या आत प्रवाहाचा वेग सेकंदाला १०० किलोमीटर धरला, तर १९,००० किलोमीटर जायला तीन मिनिटांच्या वर थोडा वेळ. १०,००० किलोमीटर आकाराच्या भोवऱ्यात वेगाचा चढउतार सेकंदाला ५० किलोमीटर धरला, तर तो एकदा उलटायला २०० सेकंद, म्हणजे तेवढाच वेळ. एक घुसळण जेमतेम होते न होते तोच पट्टा संपला. बाजूला जायला आणखी पाच-सात मिनिटं मिळतात. म्हणजे मोठ्या आकारांसाठी वयाचा युक्तिवाद बसतो.

आता आकार लहान करा. ५०० किलोमीटरचा भोवरा, चढउतार सेकंदाला २० किलोमीटर. उलटायला २५ सेकंद. तीन मिनिटांत त्याचे सात-आठ फेरे होतात. मग या आकारांवर तरी शॉकजवळच ५/३ दिसायला हवा होता ना? स्पेक्ट्रमचा वरचा भाग उणे १, मधला ५/३, असं काहीतरी. पण उणे १ थेट आयनांपर्यंत पोचतो. आणि पृथ्वीच्या मॅग्नेटोशीथमध्ये आयनांचं आकारमान ५० किलोमीटरच्या आसपास असतं. म्हणजे ५०० किलोमीटर त्या टप्प्याच्या चांगलंच आत येतं.

दोन उत्तरं शक्य आहेत. एक, लहान भोवरे कितीही वेगाने फिरोत, त्यांना खाऊ वरून यायचा असतो आणि वरचे अजून फुटलेलेच नाहीत. दोन, वरून येणाऱ्या ऊर्जेची वाट कुणी बघतच नाही. मिरर मोडसारख्या अस्थिरता आणि स्वतः शॉक, हे लहान आकारांवर थेट ऊर्जा ओततात, म्हणून स्पेक्ट्रम तिथे वर उचललेला राहतो. पहिलं खरं असेल तर उणे १ म्हणजे वाट बघणं. दुसरं खरं असेल तर उणे १ म्हणजे सतत भर पडणं. ‘ऊर्जेचा साठा’ हा शब्द वापरला की या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पांघरुणाखाली जातात. माझी तक्रार एवढीच आहे. आकडे बरोबर, मोजणी बरोबर, नाव घाईचं.

निवाडा करायचा तर काय लागेल? प्लाझ्माचा तोच गोळा आधी शॉकजवळ आणि मग बाजूला, असा दोनदा मोजायला हवा. जागेनुसार केलेल्या सांख्यिकीत शॉकजवळचा कालखंड एका दिवसाचा असतो आणि बाजूचा दुसऱ्या दिवसाचा. मधल्या काळात सौरवारा बदललेला असतो. क्लस्टरची चार यानं तशी एकमेकांच्या जवळ असायची. पण थेमिसची यानं त्याच वेळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला सापडली, तर जमू शकेल. अशा जोड्या किती मिळतात हे शोधणं एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या आवाक्यातलं काम आहे. दोन्ही मोहिमांचा डेटा खुला आहे. त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी मी पृथ्वीच्या मॅग्नेटोशीथमधला एक तासाचा कालखंड घेतला आणि स्लोप काढला. उणे १.६४. आनंद काय विचारता! फिट सुंदर होती, चूक-मर्यादा लहान होत्या. पोस्टरसाठी तोच आकडा ठळक अक्षरांत टाकला. ग्रुप मीटिंगमध्ये एका सिनिअरने फक्त एवढंच विचारलं, “टाइम सीरीज दाखव ना.” मी दाखवली. आम्ही दोघी बघत राहिलो. तासाच्या मधोमध सात-आठ मिनिटं क्षेत्राची दिशा पलटली होती आणि घनता कोसळली होती. यान चक्क मॅग्नेटोपॉज ओलांडून आत जाऊन परत आलं होतं. माझा ‘टर्ब्युलन्स’ म्हणजे एक दार उघडून बंद झाल्याचा आवाज होता.

याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. सिग्नलमध्ये एक सरळ उडी असेल, पायरीसारखी, तर तिचा पॉवर स्पेक्ट्रम उणे २ स्लोपने उतरतो. त्यात कसलाही टर्ब्युलन्स नसतो, नुसती पायरी. माझ्या तासात कमी फ्रीक्वेन्सीला पायरीचा उणे २ होता आणि वर मॅग्नेटोशीथचा खरा उणे १. दोघांच्या सांध्यावर सरळ रेघ ओढली की मधलं काहीतरी मिळणारच, आणि ते मधलं काहीतरी दुर्दैवाने १.६७ च्या शेजारी पडतं. तो तुकडा काढून टाकल्यावर स्लोप आला उणे १.१. पोस्टर छापून झालं होतं. त्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवून वर पेनाने नवा आकडा लिहिला आणि तसंच घेऊन गेले. बघायला आलेल्या प्रत्येकाने आधी त्या चिकटवलेल्या कागदाबद्दलच विचारलं, त्यामुळे पोस्टरपाशी गर्दी मात्र बरी झाली.

गंमत म्हणजे हाच उणे २ दुसरीकडे अगदी मानाने येतो. गुरूच्या चुंबकावरणाच्या मधल्या भागात जोआखिम साऊर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गॅलिलिओ यानाच्या डेटावरून उणे २ च्या जवळचा स्लोप दाखवला आणि त्याचा अर्थ ‘वीक टर्ब्युलन्स’ असा लावला. तिथे आल्फव्हेन लहरी एकमेकींना भेटतात, पण एका भेटीत थोड्याच बदलतात. एकाच आकड्यामागे एकीकडे गुरूच्या चुंबकावरणातल्या लहरी आणि दुसरीकडे माझी निष्काळजी. साऊर यांच्या बाजूने आकड्याशिवाय इतरही गोष्टी आहेत. चढउतार मूळ क्षेत्राच्या मानाने लहान आहेत, आणि तिथे क्षेत्र प्रबळ आहे. माझ्या बाजूने फक्त आकडा होता.

शनीच्या पेपरचा तिसरा निष्कर्ष राहिला होता. माझ्या मते तिन्हींत तो सगळ्यात दुर्लक्षित आहे. पॉवर स्पेक्ट्रम काढताना आपण फेज फेकून देतो. कुठल्या फ्रीक्वेन्सीत किती ऊर्जा ते उरतं, आणि त्या एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत ते जातं. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. तबल्याच्या सोलोचं एक रेकॉर्डिंग घ्या. फुरिए ट्रान्सफॉर्म करा, सगळ्या फेज रँडम करा, उलटा ट्रान्सफॉर्म करून ऐका. पॉवर स्पेक्ट्रम जसाच्या तसा आहे. ऐकू येते नुसती एकसुरी खरखर. बोल गेले, ताल गेला. म्हणजे जे तालासारखं आहे, ते स्पेक्ट्रममध्ये नव्हतंच.

टर्ब्युलन्समधला ‘ताल’ म्हणजे इंटरमिटन्सी. ऊर्जा सगळीकडे सारखी विरत नाही. ती पातळ करंट शीटसारख्या मोजक्या जागी गोळा होते. ते बघायला वेगवेगळ्या अंतरांवरच्या फरकांची वितरणं आणि त्यांचे उच्च घात काढावे लागतात. हदीद यांनी ते शनीपाशी केलं आणि आयनांखालच्या आकारमानांवर फरक सापडला. बो शॉकपाशी येणारं चुंबकीय क्षेत्र शॉकच्या पृष्ठभागाला लंब रेषेच्या जवळ असेल, म्हणजे शॉक क्वासी-पॅरलल असेल, तर त्याच्या मागे मल्टिफ्रॅक्टल वागणूक दिसते. क्षेत्र त्या रेषेला आडवं असेल, म्हणजे क्वासी-पर्पेंडिक्युलर, तर मोनोफ्रॅक्टल. तुमच्या मागचा शॉक कोणत्या प्रकारचा होता, हे स्पेक्ट्रम सांगत नाही. ते फरकांच्या आकारात लिहिलेलं असतं. असं असून पुढच्या पेपरांत उद्धृत होतो तो बहुतेकदा पहिला निष्कर्ष, कारण तो एका आकड्यात मावतो.

टेलर गृहीतकाबद्दल थोडंच लिहिते. आपण मोजतो काळात आणि बोलतो अंतराबद्दल. प्रवाह लहरींपेक्षा बराच वेगवान असेल तरच हे चालतं. मॅग्नेटोशीथच्या सूर्याकडच्या भागात २५ नॅनोटेस्ला क्षेत्र आणि घनसेंटीमीटरला २० आयन धरले, तर आल्फव्हेन वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर येतो, म्हणजे प्रवाहाच्या वेगाइतकाच. तिथे आल्फव्हेन लहरींसाठी टेलर डळमळतो. मिरर मोड प्लाझ्मात उभेच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तो चालतो. म्हणजे कोणतं गृहीतक वापरायचं हे ठरवायला आधी काय हलतंय ते माहीत हवं, आणि आपण तर तेच शोधायला निघालोय. क्लस्टरची चार यानं एकत्र वापरून फ्रीक्वेन्सी आणि तरंगसंख्या वेगळ्या काढायची सोय याच अडचणीसाठी केली गेली. सहरौई यांचा २००६ चा पेपर त्यासाठी वाचा, पण तो एका बैठकीत होणार नाही.

एवढा खल कशासाठी, असं कुणी विचारेल. कारण स्लोपच्या पुढची पायरी असते ऊर्जेचा दर. हदीद आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पृथ्वीच्या मॅग्नेटोशीथसाठी क्लस्टर आणि थेमिसच्या डेटावरून हा दर काढला. एका घनमीटरला सेकंदाला १० चा उणे १३ वा घात एवढे ज्यूल, सौरवाऱ्यापेक्षा किमान शंभरपट. प्लाझ्मा कसा तापतो, या प्रश्नाला असे आकडे थेट भिडतात. पण हा दर ज्या सूत्राने काढतात, ते सूत्र इनर्शियल रेंज आहे असं धरून चालतं. मॅग्नेटोशीथमधल्या बहुतेक कालखंडांत ती रेंज दिसतच नसेल, तर तिथल्या तापण्याचा हिशोब कोणत्या सूत्राने करायचा? उरलेल्या ८३ टक्क्यांसाठी माझ्या हातात चांगलं सूत्र नाही. माझ्या थीसिसचं चौथं प्रकरण सध्या इथेच अडकलंय, आणि माझ्या गाईडना वाटतं की तिथे अडकणं योग्य आहे.

सुरुवात करायची असेल तर क्लस्टरचा एक तास घ्या, कुठलाही. स्पेक्ट्रम काढण्याआधी क्षेत्राचे तिन्ही घटक आणि घनता एकाखाली एक काढा आणि नुसते बघत बसा, पंधरा-वीस मिनिटं. मग कॉम्प्रेसिबिलिटी. स्लोप सगळ्यात शेवटी. फेज रँडम करून तुलना करण्याचा छोटा पायथन कोड मी मराठी कॉमेंट्ससह लिहून ठेवला आहे. स्ट्रक्चर फंक्शनवरच्या पुढच्या लेखाबरोबर तो देईन. तोवर तबल्याचा प्रयोग कुणी केलात तर कोणतं रेकॉर्डिंग घेतलं ते कळवा. मी घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मागे लेहरा वाजत होता, आणि खरखरीतही त्याचा सूर अंधुक ऐकू येत राहिला. तो का, हे शोधणं तुमच्याकडे.